पाठ टेकली पाहिजे

2018 च्या मे महिन्यात मुलाला घेऊन ठाण्याच्या विवियाना मॉलमध्ये ‘अव्हेंजर्स’चा तो सिनेमा बघायला गेलो होतो, ज्यात शेवटी निम्मे हीरो राख होऊन उडून जातात. थिएटर गच्च भरलेलं. एकेक जण विरघळायला लागला तशी अशी शांतता पसरली की एसीची घरघर ऐकू यायला लागली. आमच्या पुढच्या रांगेत एक पोरगं हमसून हमसून रडत होतं. माझा मुलगा तेव्हा आठ वर्षांचा. तो सीटवरून उठला, पुढे वाकला, त्या पोराच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, “अरे रडू नको. पुढच्या पार्टमध्ये येतात सगळे.”

वर्षभरानं आलेच की. माझी हळहळ फुकट गेली, तिकिटाचे पैसे तर गेलेच होते. त्या पुढच्या भागात आयर्न मॅन मेला तेव्हा मी मुलाला बजावलं, “हा मात्र खरा मेला बघ.” मग 2024 च्या जुलैत बातमी आली की आयर्न मॅन झालेला नट, रॉबर्ट डाउनी ज्युनियर, परत येतोय, आता डॉक्टर डूम नावाचा खलनायक होऊन. मुलाला एव्हाना मिसरूड फुटायला लागलं होतं. त्यानं मोबाइल माझ्यापुढे धरला आणि नुसती भुवई उडवली.

आठ वर्षांच्या पोरानं मरणाला घाबरू नये, हे उत्तमच. पण गोष्टीतल्या मरणाचं त्याला काहीच वाटू नये, हे मला तेव्हा खटकलं आणि अजून खटकतं. दोष त्याचा नाही. त्यानं आजवर जे पाहिलं त्यातून काढलेला तो रास्त निष्कर्ष होता.

कॉमिक्स, सिनेमे आणि मारामारीचे खेळ या तीन विषयांवर माझ्याकडे मतांचा तोटा नाही. मामलेदारची मिसळ पुढ्यात असली आणि समोर ऐकून घेणारा कुणी असला की ती आपोआप बाहेर पडतात. बायको म्हणते, एवढ्या पोटतिडकीनं सोसायटीच्या मीटिंगमध्ये बोललास तर लिफ्ट तरी दुरुस्त होईल. पण अलीकडे माझ्या लक्षात आलंय की ही सगळी मतं एकाच जागेवरून निघतात, आणि ती जागा म्हणजे माझ्या वडिलांची तालीम.

वडिलांचं गाव वाई तालुक्यातलं. वागळे इस्टेटमध्ये कंपनीत लागण्याआधी ते गावच्या तालमीत घुमायचे. फार नावाजलेले मल्ल वगैरे नव्हते; जत्रेत पाच-दहा रुपयांच्या कुस्त्या मारणारे. त्यांच्याकडून मला कुस्ती आली नाही, शब्द तेवढे आले. एकेरी पट, ढाक, धोबीपछाड, कलाजंग. आणि ‘निकाली’. निकाली कुस्तीला घड्याळ नाही, गुण नाहीत. एकाची पाठ मातीला टेकली की संपलं. वडील सांगायचे, जत्रेतून घरी आलो की आजी तोंडाकडे बघायचीच नाही, पाठीमागे जाऊन पाठ बघायची आणि मग ठरवायची, आधी पाणी द्यायचं की आधी शिव्या.

नव्वदच्या दशकात किसननगरच्या आमच्या खोलीत केबल आली आणि केबलबरोबर डब्ल्यूडब्ल्यूएफची अमेरिकन कुस्ती आली. आम्ही पोरं वेडी झालो. वडिलांनी एक दिवस संपूर्ण तास पाहिलं, काही बोलले नाहीत. मग उठता उठता म्हणाले, “हे मार खात्यात का दावत्यात?”

या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात माझी तीस वर्षं गेली म्हटलं तरी चालेल. उत्तर असं: मार खाल्ला काय किंवा नुसता दाखवला काय, दोन्ही चालेल, पण लढाईची गोष्ट सांगायची असेल तर कुणाची तरी पाठ टेकली पाहिजे. ती बघणाऱ्याला दिसली पाहिजे. आणि एकदा टेकली की पुढच्या भागाच्या सोयीसाठी ती उचलून झटकायची नाही.

आता कॉमिक्समधला वेताळ घ्या. नौपाड्यात एक रद्दीवाला होता, किलोवर घेतलेली मासिकं नगावर विकायचा. टाइम्सच्या कंपनीनं 1964 साली काढलेली इंद्रजाल कॉमिक्स 1990 साली बंद पडली, त्यामुळे माझ्या वाट्याला ती रद्दीतलीच आली. कव्हर फाटलेलं, शेवटचं पान बहुतेक वेळा गायब. (निकालाची तहान मला तिथूनच लागली असेल.) वेताळाला जंगलातले लोक अमर समजतात. चारशे वर्षं तोच एक मुखवटेवाला माणूस फिरतोय, अशी आख्यायिका. पण वाचकाला पहिल्यापासून माहीत असतं की हा एकविसावा आहे. आधीचे वीस मेले आणि कवटीच्या गुहेत ओळीनं निजलेत. बाप गेला की मुलगा कवटीवर हात ठेवून शपथ घेतो आणि तोच वेष चढवतो. ली फॉक यांनी 1936 साली रचलेली ही युक्ती मला आजही कॉमिक्समधली सर्वांत हुशार युक्ती वाटते. अमरपणा ही नुसती अफवा, मरण ही वस्तुस्थिती. एकविसावाही एका गोळीत जाऊ शकतो, आणि गेला तर त्याचा पोरगा तयार आहे. म्हणून त्याच्यावर कुणी बंदूक रोखली की रद्दीच्या दुकानात उभ्या उभ्या माझा श्वास अडकायचा.

याउलट सुपरमॅन. 1992 च्या नोव्हेंबरात त्याला मारलं. अंक काळ्या पिशवीत बंद करून विकला, आत दंडाला बांधायला सुतकाची काळी पट्टीसुद्धा होती. लोकांनी रांगा लावून एकेकानं चार-चार प्रती घेतल्या, कारण पुढे मोल येईल म्हणून. 1993 मध्ये सुपरमॅन परत आला. सुतक फिटलं म्हणायचं की फसवलं म्हणायचं, हे ज्यानं त्यानं ठरवावं. पण तेव्हापासून कॉमिक्सच्या वाचकाला अंत्यविधीचं आमंत्रण आलं की तो आधी विचारतो, परत कधी?

असं का होतं, यात काही गूढ नाही. मेलेलं पात्र भाडं देत नाही. पात्र ही कंपनीची जागा असते आणि जागा रिकामी ठेवून चालत नाही. हे ठाणेकराला तरी समजावून सांगायला नको. इंग्रजीत ज्याला रिबूट म्हणतात त्याला आपल्याकडे पुनर्विकास म्हणतात. इमारतीचं नाव जुनंच, मजले तिप्पट, वर चमकदार काचा, आणि जुने भाडेकरू कुठे गेले ते विचारायचं नाही.

मला यावर हमखास एक आक्षेप ऐकवला जातो: आपल्या पुराणांतही लोक मरत नाहीत, सात चिरंजीव आहेतच की. आहेत ना. पण त्या सातांतला अश्वत्थामा आठवा. कपाळावरची भळभळती जखम घेऊन तो दारोदार तेल मागत फिरतो, असं आपल्या आज्या सांगायच्या. न मरणं ही त्याला झालेली शिक्षा आहे. ज्यांनी ही कथा रचली त्यांना कळत होतं की मरणच काढून घेतलं तर माणसाकडे फक्त जखम उरते. आपली भाषा तर हरण्याबाबत फार प्रामाणिक आहे. 1761 ची हार आपण वाक्प्रचारात घालून रोज वापरतो: क्रिकेटमध्ये पानिपत, निवडणुकीत पानिपत, दहावीच्या गणितात पानिपत. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, खुर्दा किती गेला त्याची गणती नाही, हा निरोप शाळेत ऐकला तेव्हा सांकेतिक भाषा कळली नव्हती, पण अंगावर काटा आला होता. त्या निरोपाला पुढचा पार्ट नव्हता.

कॉमिक्समध्ये हे जमतच नाही, असंही नाही. जपानमध्ये 1968 ते 1973 या काळात एका साप्ताहिकातून ‘आशिता नो जो’ नावाची चित्रमालिका यायची. जो नावाच्या अनाथ, उनाड पोराची बॉक्सिंगची गोष्ट. त्याचा प्रतिस्पर्धी रिकिइशी. चित्रकार तेत्सुया चिबा यांनी त्याला पहिल्यांदा काढलं तेव्हा जोपेक्षा चांगलाच थोराड काढला होता. पुढे दोघांची लढत लावायची ठरली आणि पंचाईत झाली, कारण बॉक्सिंगमध्ये वजनगट असतात. दुसऱ्या कुणी पुढच्या अंकापासून रिकिइशीला गुपचूप बारीक काढलं असतं. इथे ती चूक गोष्टीत घेतली. जोबरोबर लढता यावं म्हणून रिकिइशी अन्नपाणी तोडून वजन उतरवतो, लढत जिंकतो आणि मरतो. चित्रातल्या चुकीची किंमत पात्रानं मोजली. 1970 च्या मार्चमध्ये टोकियोत प्रकाशकाच्या सभागृहात त्याचा अंत्यविधी झाला. भटजी आले, सातशेच्या आसपास माणसं आली, कागदावरच्या माणसासाठी. आणि रिकिइशी परत आला नाही. मी हे मुलाला सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा गप्प बसला. मग म्हणाला, “बाबा, तू हे आधी का नाही दिलंस वाचायला?” त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

(इथे एक जुनं दुखणं बोलून घेतो. अमर चित्र कथेतले चित्रकार राम वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम ही सगळी आपली माणसं. हिंदी कॉमिक्समधल्या नागराजचे सुरुवातीचे अंक मुळीकांनीच काढले. भारतातल्या दोन पिढ्यांनी कृष्ण, शिवाजी आणि नागराज पाहिले ते मराठी हातांतून. आणि मराठीत स्वतःची लांबलचक, मोठ्यांनीही वाचावी अशी चित्रकथा रुजली नाही, कारण चित्रं असली की ते पोरांचं, असं आपण ठरवून टाकलं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 सालचं आहे, तिथल्या कपाटांसमोर उभा राहिलो की छाती भरून येते. पण आपल्या चित्रकथांना कपाटभर जागा द्यावी म्हटलं, तर तेवढं लिहिलंय कुणी?)

सिनेमाकडे वळू. ‘शोले’चा शेवट सगळ्यांना पाठ आहे: ठाकूर गब्बरला तुडवतोय, मारणारच, तेवढ्यात पोलीस येतात आणि कायदा हातात घेऊ नका म्हणून त्याला थांबवतात. मूळ शेवट हा नव्हता. मूळ चित्रणात हात तुटलेला ठाकूर खिळे ठोकलेल्या बुटांनी गब्बरला मारतो. 1975 चं वर्ष, आणीबाणी लागलेली. निवृत्त पोलीस अधिकारी खून करतो हे सेन्सॉरला पटलं नाही आणि शेवट बदलून घ्यावा लागला. कुस्तीच्या भाषेत सांगायचं तर, समोरच्याचे खांदे मातीपासून चार बोटांवर असताना पंचांनी मध्ये पडून कुस्ती सोडवली. पन्नास वर्षांनी, 2025 च्या जूनमध्ये, इटलीतल्या बोलोन्याच्या महोत्सवात मूळ शेवटासह चित्रपट दाखवला गेला. गब्बरची पाठ टेकायला अर्धं शतक लागलं आणि जावं लागलं इटलीला.

पण त्याच सिनेमात एक पाठ टेकली, ती म्हणजे जयची. पहिल्या आठवड्यात गल्ला जमेना तेव्हा शेवट पुन्हा चित्रित करून जयला जिवंत ठेवावं असा विचार झाला होता, असं सांगतात. सुदैवानं धीर धरला. जय जगला असता तर ते नाणं दोन्ही बाजूंनी छापाचं निघून काय उपयोग होता? त्याच वर्षी ‘दीवार’मध्येही बच्चन मेला. ‘ज्याचं पोस्टर, तो मरतो’ हे त्या प्रेक्षकानं पचवलं आणि पुन्हा पुन्हा तिकीट काढलं. तेव्हा प्रेक्षकाला हीरो मेलेला चालत नाही, ही अलीकडची सबब मला मान्य नाही. 2025 मध्ये ‘छावा’ला लोक गेले ते काय शेवट माहीत नव्हता म्हणून? इतिहासाच्या पुस्तकानं निकाल आधीच सांगितला होता, तरी आयाबाया पदर डोळ्याला लावून बाहेर पडत होत्या.

आता माझा मुद्दा जिथे मार खातो ती जागाही दाखवतो. 26 जुलै 1982 ला बंगळुरात ‘कुली’च्या चित्रीकरणात पुनीत इस्सरबरोबरच्या मारामारीत बच्चनला पोटात खरी इजा झाली. देशभर नवस बोलले गेले. मूळ कथेत नायक शेवटी मरणार होता. मनमोहन देसाईंनी तो जगवला. म्हणाले, जो माणूस खरोखर मरणाच्या दारातून परत आला त्याला पडद्यावर मारणं बरं दिसत नाही. आणि ज्या ठोशानं इजा झाली त्या क्षणाला चित्र गोठवून वर तसं लिहिलं. म्हणजे नायकाला वाचवण्यासाठी शेवट बदलला आणि तरीही प्रामाणिक राहिले. का? कारण किंमत चुकती झाली होती. ती कॅमेऱ्याच्या बाहेर, खऱ्या शरीरानं चुकवली होती, आणि ते प्रेक्षकापासून लपवलं नाही. माझ्या नियमाला हा अपवाद आहे की याच्यामुळे नियम नीट कळतो, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

‘दंगल’ मात्र मला तेवढ्यापुरता टोचतो. 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत गीता फोगाटनं अंतिम कुस्ती एकतर्फी जिंकली होती. पडद्यावर ती शेवटच्या क्षणापर्यंत लोंबकळत ठेवली, आणि वर वडिलांना खोलीत कोंडलं. म्हणजे पोरगी खरोखर जेवढी भारी होती तेवढी दाखवायचं धाडस नव्हतं. उलट 1976 च्या ‘रॉकी’त नायक हरतो. हरतो! तरी आजही दादर असो की डोंबिवली, जिममध्ये पोरं त्याच्याच संगीतावर दोरीवरच्या उड्या मारतात.

राहिलं डब्ल्यूडब्ल्यूएफ, आताचं डब्ल्यूडब्ल्यूई. सुशिक्षित माणसानं याची टिंगल करायची असते. मी बाजू घेणार आहे.

आमच्याकडे या पहिलवानांची ट्रम्प कार्ड्स होती. उंची, वजन, छाती, बायसेप्स, रँक. डबा खाण्याच्या सुट्टीत शाळेच्या जिन्यावर खेळायचो आणि ज्याच्याकडे अंडरटेकर असेल तो राजा. अंडरटेकरला सात जन्म आहेत आणि त्यातले चार संपलेत, ही माहिती वर्गात प्रत्येकाला होती. कुठून आली ते कुणालाच माहीत नव्हतं. 1996 मध्ये ‘खिलाडियों का खिलाडी’ आला, त्यात अक्षयकुमारनं अंडरटेकरला उचलून आपटलं आणि आमच्या वर्गात दोन तट पडले. कित्येक वर्षांनी कळलं की तो अंडरटेकर नव्हताच. तो ब्रायन ली, ज्यानं 1994 मध्ये खुद्द डब्ल्यूडब्ल्यूएफच्या रिंगणात तोतया अंडरटेकर म्हणून खऱ्या अंडरटेकरशी कुस्ती केली होती. म्हणजे ठरवून केलेल्या कुस्तीतला तोतया आमच्या सिनेमात खरा म्हणून आला आणि त्याला आमच्या हीरोनं खोटं खोटं हरवलं. सदाशिवरावभाऊंच्या तोतयानं तोंडात बोट घातलं असतं.

तर ही कुस्ती लुटुपुटूची आहे, हे मान्य. पण तिच्या मालकांनी हे लपवलेलं नाही. 1989 मध्येच त्यांनी न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे सांगून टाकलं की आमचा हा खेळ नाही, करमणूक आहे. हेतू काही थोर नव्हता. खेळ म्हटला की सरकारी नियंत्रण आणि कर मागे लागतात. पण सांगितलं. आणि या ठरलेल्या खेळातही त्यांना कधी कधी पाठ टेकवायची अक्कल असते. त्यांच्या वर्षातल्या सर्वांत मोठ्या कार्यक्रमात, रेसलमेनियात, अंडरटेकर एकवीस वेळा जिंकला होता. 6 एप्रिल 2014 ला ब्रॉक लेस्नरनं त्याला हरवलं. निकाल अर्थातच आधी ठरलेला. पण त्या रात्रीचं चित्रण बघा, स्टेडियमभर माणसं तोंडं उघडी टाकून बसलीत, कुणाच्या तोंडून शब्द फुटत नाही. आणि तो पराभव पुसला गेला नाही, 21 पुढे 1 लागला तो लागलाच. विवियानातल्या राखेपेक्षा मला हा एक आकडा जास्त खरा वाटतो.

त्यांचं सगळं गोड मानून घ्या, असं मी म्हणत नाही. 23 मे 1999 ला ओवेन हार्ट छतावरून खाली उतरण्याच्या कसरतीत पडून मेला आणि त्या रात्री कार्यक्रम पुढे चालू ठेवला. खोट्या कुस्तीत खरा माणूस गेला, आणि गोष्टीतला निकाल जपणाऱ्यांना खऱ्या निकालाची चाड राहिली नाही. याला माझ्याकडे बचाव नाही.

खरी म्हणवणारी मारामारी तरी कुठे धुतल्या तांदळाची आहे? 15 नोव्हेंबर 2024 ला 58 वर्षांच्या माइक टायसनला 27 वर्षांच्या यूट्यूबर जेक पॉलसमोर बॉक्सिंगला उभं केलं. आठ फेऱ्या, दोन-दोन मिनिटांच्या. आम्ही सकाळी पोहे खात नेटफ्लिक्सवर बघितली. ना टायसनची पाठ टेकली, ना पॉलला टेकवायची घाई होती. शेवटी पंचांनी गुण मोजले आणि सगळे श्रीमंत होऊन घरी गेले. वडिलांना सत्तरीनंतर कानानं कमी येतं, त्यांनी मोठ्यानं विचारलं, “झाली? कोण जिंकला?” मी म्हटलं, नेटफ्लिक्स. 2023 पासून तर खरी मारामारी करणारं यूएफसी आणि ठरवलेली करणारं डब्ल्यूडब्ल्यूई एकाच मालक कंपनीची दोन दुकानं झालीत. गिऱ्हाइकाला काय हवं ते विचारून माल द्यायचा.

पण मला खरी चिंता आहे ती आपल्या घरच्या कुस्तीची. 2025 च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरी झाली. गादी, म्हणजे मॅटवरच्या, विभागाच्या शेवटच्या कुस्तीत पंचांनी पृथ्वीराज मोहोळच्या बाजूनं निकाल दिला. शिवराज राक्षेचं म्हणणं, माझे दोन्ही खांदे टेकलेच नाहीत, पुन्हा बघा. वाद झाला आणि राक्षेनं पंचांना लाथ मारली. पुढे अंतिम कुस्तीत महेंद्र गायकवाड गुणावरून चिडून मैदान सोडून गेला. मोहोळ केसरी झाला, त्या दोघांवर तीन वर्षांची बंदी आली. पंचावर पाय उचलणाऱ्याला शिक्षा झालीच पाहिजे, यात दुमत नाही. वडील दिवसभर जेवले नाहीत. पण लाथेवर सगळा महाराष्ट्र बोलला आणि मूळ प्रश्न बाजूला राहिला: पाठ टेकली होती का? एका मल्लाच्या वर्षभराच्या खुराकाचा, घरच्यांनी विकलेल्या दुभत्या म्हशीचा हिशोब त्या एका प्रश्नावर असतो. क्रिकेटमध्ये पायचीतसाठी चेंडूचा मार्ग संगणकावर काढून सगळ्या स्टेडियमला दाखवतात, तिसरा पंच काय बोलतोय ते ऐकवतात. कुस्तीला तर चेंडू कुठे गेला असता याचा अंदाजही करायचा नाही, फक्त दोन खांदे बघायचे आहेत. राज्यातल्या सर्वांत मानाच्या किताबाच्या कुस्तीत, चार बाजूंना कॅमेरे लावून तो क्षण मोठ्या पडद्यावर सावकाश दाखवायला आणि त्यावरून पंचांनी मैदानातच निकाल सांगायला काय हरकत आहे? मोबाइलवर गावोगावची पोरं तो क्षण थांबवून थांबवून बघतातच. पंचांनी तेवढा तो सर्वांसमोर बघायचा. माझी मागणी असेल तर ती एवढीच आहे, आणि ती मी मार्वलवाल्यांकडे करण्यात अर्थ नाही, म्हणून इथे करतोय.

निकाल स्वच्छ असला की हरलेलाही मोठा होतो. खाशाबा जाधव 1952 मध्ये हेलसिंकीत सगळ्या कुस्त्या जिंकले नव्हते. जपानच्या इशीनं त्यांना हरवलं, सोव्हिएत मल्लानंही हरवलं. तरी 57 किलोतलं ते कांस्य स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक, आणि त्यांना पाठवण्यासाठी राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकलं होतं, हे आमच्या घरात शिवचरित्रासारखं सांगितलं जायचं. इशीचं नावही वडील आदरानं घेतात. “हरवलं त्यानं. उगीच नाही,” एवढंच म्हणतात.

मुलाला यंदा घोडबंदरच्या अलीकडच्या एका गावात जत्रेच्या कुस्त्या दाखवायला घेऊन गेलो. टॉवरच्या सावलीत मैदान खणलेलं, लाल माती कुठून तरी ट्रकनं आणलेली, हलगी वाजत होती. आधी लहान पोरांच्या रेवडीवरच्या कुस्त्या झाल्या. त्यातलं एक सात-आठ वर्षांचं पोरगं चीतपट झालं आणि भोकाड पसरलं. त्याला कुणी सांगितलं नाही की पुढच्या पार्टमध्ये येशील. त्याच्या बापानं उचललं, पाठीवरची माती झटकली आणि दोन रेवड्या त्याच्याही हातावर ठेवल्या.

शेवटची मोठी कुस्ती संध्याकाळी लागली. वीस मिनिटं झाली, पंचवीस झाली. दोघं एकमेकांच्या मानेला विळखा घालून रेटत होते, कुणी पट काढेना, कुणी देईना. अंधार पडायला लागला तसं पंचांनी शिट्टी मारली आणि कुस्ती बरोबरीत सोडवली. इनाम निम्मं निम्मं. लोकांनी आरडाओरडा केला, मीही केला. मुलगा मोबाइलवर चित्रण करत होता, ते थांबवून त्यानं शेजारी बसलेल्या पटकेवाल्या म्हाताऱ्यांना विचारलं, “आजोबा, आता पार्ट टू कधी?”

“पुढच्या जत्रेला,” म्हातारा म्हणाला. “दोघांचे हातपाय धड राहिले तर. आणि मी असलो तर.”